दोष आढळला नाही

सासरेबुवांची चक्कर मोठी लबाड होती. घरी त्यांना भिंत धरायला लावायची आणि दवाखान्याची पायरी चढली की गायब. डॉक्टरांनी त्यांना खुर्चीत बसवून रक्तदाब पाहिला, छाती तपासली आणि तब्येत ठणठणीत असल्याचं सांगितलं. परवाच न्हाणीघरात पडून कपाळाला खोक पडली होती. तिच्याकडे बोट दाखवता दाखवता म्हातारा रडकुंडीला आला. सोबत आलेल्या सूनबाईची अर्ध्या दिवसाची रजा वाया गेली होती, म्हणून परतीच्या वाटेत ती चिडली.

"बाबा, खरंच येते का हो चक्कर?"

"येते गं. उठतो ना मी, तेव्हा."



सूनबाई अणुवीज केंद्रात जुनी सर्किट कार्डं दुरुस्त करायची. अणुभट्टी प्रमाणाबाहेर तापली तर ती आपोआप बंद पाडायची, हे त्या कार्डांचं काम. बनवणारी कंपनी केव्हाच बुडाली होती, तेव्हा आहेत त्यांनाच डाख देऊन जगवायचं. त्यातलं एक कार्ड सध्या तिचा जीव खात होतं. केंद्रातल्या यंत्रांच्या कपाटात बसवलं की उगाच धोक्याचा इशारा द्यायचं आणि तिच्या टेबलावर आलं की शहाण्या बाळासारखं वागायचं. दोनदा तिने 'दोष आढळला नाही' असा शेरा मारून ते परत पाठवलं होतं. तिसऱ्यांदा तोच शेरा पडला, तर नियमाप्रमाणे थेट भंगार.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा तिच्यापुढे आडवं पडलं होतं. सगळे आकडे बिनचूक. शेरा लिहायला तिने पेन उचललं आणि थांबली. कपाटात कार्ड आडवं कुठे असतं? तिथे ते उभं असतं, आणि ही बया त्याला झोपवून विचारत होती, बाळा, तुला काय होतंय?

तिने ते शिकंज्यात उभं धरलं. थोड्याच वेळात इशाऱ्याचा दिवा लुकलुकला. उभ्यात जड ट्रान्सफॉर्मर स्वतःच्या वजनाने खाली ओढला जायचा आणि त्याच्या पायाशी डाखाला गेलेली केसाएवढी चीर उघडायची. तिने जुना डाख काढून नवा दिला. कार्ड खोटं बोलत नाही, असं ती सगळ्यांना छातीठोकपणे सांगायची. बाबांवर मात्र तिने तेवढाही विश्वास ठेवला नव्हता. हात पुसता पुसता तिला रडू कोसळलं.

संध्याकाळी ती त्यांना घेऊन पुन्हा दवाखान्यात हजर. या वेळी यांना उभं करून मोजा, अशी तिने गळ घातली. डॉक्टरांनी आधी बसवून मोजलं, मग उभं करून. आकडा धाडकन खाली आला. उठताना रक्तदाब उतरतो, ते म्हणाले, आणि गोळ्या बदलून दिल्या. आजार निघाला म्हणून इतका हरखलेला माणूस त्यांनी पाहिला नसेल.

सासरेबुवा सुनेचा खांदा धरून उभे होते. कार्डाचं रडगाणं त्यांनी रोज जेवताना ऐकलं होतं.

"म्हणजे भंगारातून वाचलो म्हणायचं."

"वाचलात. पण आता उठायच्या आधी मला हाक मारायची."

"मारतच होतो गं," ते म्हणाले आणि तिचा खांदा थोपटत राहिले.