मी लांब जनुक, आणि सिंधूताईंची लांब पोळी

मित्रांनो, मी एक जुना आणि लांबलचक जनुक आहे. नागपूरच्या सिंधूताईंच्या मेंदूतल्या एका पेशीत मी राहतो. सिंधूताई चौऱ्याहत्तर वर्षांच्या, म्हणजे मीही तेवढाच. बाकी अंगातल्या पुष्कळ पेशी झिजतात, त्यांच्या जागी नव्या येतात. मेंदूच्या पेशींना बहुधा ते भाग्य नाही. मिळालं ते आयुष्य एकाच घरात काढायचं.

स्वभाव आधीच सांगून टाकतो. मी जळका आहे. माझ्या आजूबाजूला आखूड जनुकं राहतात ना, त्यांना पाहून माझा नुसता तिळपापड होतो. पेशी आम्हाला वाचते आणि त्या मजकुरावरून आपलं सामान बनवते. आखूडांचं वाचन चुटकीसरशी उरकतं. माझं सुरू झालं की तासन्‌तास चालतं. तेवढ्या वेळात कुठेतरी धागा तुटतोच. मग डागडुजी करणारे येतात, टाके घालतात, जातात. आखूडांच्या अंगावर ओरखडा क्वचितच. मेली कशी टुकटुकीत दिसतात!

पण एक काळ माझाही होता. एका पेशीचा हात दुसरीच्या हातात घट्ट राहावा, म्हणून लागणारं सामान माझ्यावरून बनायचं. सिंधूताई तेव्हा लग्नकार्यात लांब पोळ्या करायला जात. पातळसर कणीक आपटून आपटून मऊ करायची, कोपरापर्यंतच्या हातांवर खेळवत ताणायची आणि चुलीवरच्या पालथ्या मडक्यावर अलगद टाकायची. "सिंधूबाईची पोळी फाटत नाही," असं बाया म्हणत, आणि मूठभर मांस मात्र माझ्या अंगावर चढे. कोणाच्या घरचं लग्न, कोणाची सून कुठली, सगळं सिंधूताईंना तोंडपाठ असे.

पुढे घाव वाढले. डागडुजीवाले उशिरा येऊ लागले, कधी टाका चुकीचा पडू लागला. पेशीही मला अर्धवट वाचून सोडू लागली. माझ्यासारख्या कितीतरी लांबड्यांची तीच गत झाली. आखूडांचं मात्र झकास चाललं होतं. आता सांगा, जळू नको तर काय करू?

त्याच सुमारास सिंधूताई सुनेला, दीप्तीला, 'भावना' म्हणू लागल्या. भावना त्यांची सख्खी लेक, कळमेश्वरला दिलेली. ती दर रविवारी येई आणि उंबऱ्यातूनच विचारी, "माय, सांग बरं, मी कोन?" सिंधूताई घाबरून दीप्तीचा पदर धरत.

भावनाच्या जिवाची आग आग होई. एकदा ती वहिनीवर घसरलीच. "तू काय सांगतं गं मायले? काहून ते तुलेच भावना म्हनते?"

"मी काहून सांगीन, ताई? मी तं रोज सांगून राहिली, आई, मी दीप्ती हावो."

शेवटी दोघी सिंधूताईंना घेऊन धंतोलीतल्या डॉक्टर वैदेहींकडे गेल्या. डॉक्टर म्हणाल्या, "त्या रुसून असं करत नाहीत, हा विसरण्याचा आजार आहे. मेंदूतली काही जनुकं फार लांब असतात. जितकं लांब, तितकी घाव बसायला जागा जास्त. वय वाढलं की ती नीट वाचली जात नाहीत. या आजारामागचं हे एक कारण असू शकतं, अभ्यास अजून चालू आहे. पण घरी त्यांची परीक्षा घेणं आजपासून बंद करा. उत्तर आलं नाही की त्या घाबरतात."

इतक्या वर्षांनी माझं नाव निघालं, तेही असं. मला फार वाईट वाटलं.

पुढच्या रविवारी भावनानं काही विचारलं नाही. अंगणात चूल पेटवली, मडकं पालथं घातलं आणि कणकेची परात मायपुढे ठेवली. सिंधूताईंचे हात आपोआप चालू लागले. पोळी कोपरापर्यंत लोंबली, मडक्यावर पडली. आता तरी माय आपलं नाव घेईल, एवढीच लेकीची आस होती. खरं सांगतो, मीही जीव तोडून प्रयत्न केला.

पहिली पोळी सिंधूताईंनी दीप्तीच्या हातात दिली. "खाय, भावना."

मग त्या लेकीकडे वळल्या. "तू बी खाय, बाई. तुयी माय हाय ना?"

भावना म्हणाली, "हाय."

"मंग जात जाय वं तिच्याकडे. वाट पाहून राहिली असन."

भावना खाली बसली. "जाईन," म्हणाली, "दर रविवारी जाईन." दीप्तीनं आपल्या हातातली पोळी मोडून अर्धी तिला दिली.

मित्रांनो, मी आता पुन्हा धड व्हायचा नाही, आणि आखूडांचा हेवा माझ्याच्यानं सुटायचाही नाही. पण तुमच्या घरी असं कोणी विसरत असेल, तर "मला ओळखलं का?" म्हणून त्यांना अडवू नका. तुम्ही कोण, ते त्यांना सांगता येणार नाही. पण तुमची वाट मात्र ते अजून पाहत असतील.