अंगठ्याखालची तारीख

मित्रांनो, क्षणभर असे समजा की तुम्हाला चार चाके आहेत, समोर दोन डोळे आहेत, पण तोंड नाही. आता माझी गोष्ट ऐका.

मी कामठ्याच्या खेमराजभाऊंची जुनी पांढरी व्हॅन. १९९९ साली मी घरी आले तेव्हा गावातली मुले माझ्या आरशात तोंड पाहायला जमत. मी बाळंतिणींना दवाखान्यात नेले, परीक्षेच्या मुलांना वेळेवर पोहोचवले. दर दसऱ्याला भाऊ मला धुऊन हार घालत, चाकांखाली लिंबे ठेवत. माझ्या विम्याचा कागदही त्यांनी हौसेने प्लास्टिकमध्ये पक्का करून घेतला. प्लास्टिक चढले म्हणजे कागद जन्मभराचा झाला, असेच त्यांना वाटे. विमा दरवर्षी नवा करावा लागतो, हे त्यांना पुढे कळले. तरी त्यांनी मनावर घेतले नाही. पूजा मात्र कधी चुकली नाही.

२०११ साली एका सकाळी कुडव्याला भाऊंनी न पाहताच मला मागे घेतले आणि मी अल्काताईंच्या नव्या गाडीवर आदळले. ताई परिचारिका होत्या, कामावर निघाल्या होत्या. कोणाला लागले नाही. पण त्यांच्या गाडीचा दिवा फुटला, बंपर लोंबू लागला.

"मधातच काऊन उभी केली गाडी?" भाऊ उलट त्यांच्यावरच उसळले.

"मी उभीच होती, दादा. तुम्ही मागे येऊन राहिले होते," ताई शांतपणे म्हणाल्या. "विमा आहे न? कागद दाखवा."

भाऊंनी माझ्या खणातून तो कागद काढला. मुदत २००० सालीच संपली होती. ती तारीख त्यांनी अंगठ्याखाली दाबून धरली. ताईंनी विश्वासाने क्रमांक लिहून घेतला. आता त्या भरपाईसाठी फुकट खेटे घालणार होत्या. कागद माझा होता, त्यावर नंबर माझा होता, आणि मला एक शब्द बोलता येत नव्हता. गळ्यात पडलेल्या प्रत्येक हाराची मला त्या दिवशी लाज वाटली.

मित्रांनो, गाडीला हार घाला, पण आधी तिचे कागद वाचा. आणि तुम्हाला तोंड आहे, ते वेळेवर उघडा.

मागच्या सीटवर भाऊंची मुलगी चंचल बसली होती, सहावीतली; तो कागद तिने कितीदा वाचला होता. भाऊंनी मला चालू केले, तोच ती दार उघडून खाली उतरली.

"ताई, थांबा. आमचा विमा सरला आहे. बाबांनी तारीख झाकली."

भाऊंनी मान खाली घातली. चंचलने त्यांच्याकडे पाहिले नाही. तिने तो लोंबणारा बंपर दोन्ही हातांनी उचलून धरला आणि बाबा खाली उतरेपर्यंत ती तशीच उभी राहिली.