जमनाचा जामीन

अठ्ठावीस वर्षं मी एका सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर काढली. कागद दिला की पोच घ्यायची, हे मी शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांना सुनावलं आहे. दूधवाल्यालासुद्धा ही तोंडी बोलण्यावर सोडत नाही, असं आमचे हे चारचौघांत माझी चेष्टा करत सांगायचे. आणि तरी मी फसले, तेही माझ्याच घरात.

जमना सिंधमधून आली होती. सोबत नवरा हेमराज, आठ वर्षांची भूरी आणि तीन गाठोडी. यात्रेच्या व्हिसावर हरिद्वारला आले, आता मागे फिरायचं नाही असं ठरवलं आणि कुणा ओळखीच्याच्या भरवशावर नगरला उतरले. तो ओळखीचा चार दिवसांत फोन उचलेनासा झाला. मग सावेडीतल्या आमच्या सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळाने त्यांना हाती धरलं. कुणी खोली दिली, कुणी गॅस, मंडळातल्याच मोनिकाने भूरीला शाळेत बसवलं, हेमराजला एका टेलरकडे मशीनवर काम मिळालं. राखीपौर्णिमेला जमनाने ह्यांना राखी बांधली. ह्यांना सख्खी बहीण नाही. राखी बांधून घेताना त्यांचे डोळे भरले होते, आणि ते खोटं नव्हतं असं मी आजही म्हणेन. म्हणूनच राग जास्त येतो. नवरात्रात मी तिची ओटी भरली आणि सगळ्यांदेखत म्हणाले, आजपासून हे तुझं माहेर.

त्यांना इथे राहायचं तर लांब मुदतीच्या व्हिसासाठी अर्ज करायला हवा होता, आणि अर्जासोबत इथल्या एका माणसाचं जामीनपत्र. भांडीकुंडी द्यायला सगळं मंडळ पुढे होतं. सहीची वेळ आली तेव्हा एकाला मुलाला विचारायचं होतं, एकाची पाठ धरली, आणि बाकीचे चहात साखर कमी आहे का यावर बोलू लागले. तेव्हा आमचे हे उठले. ह्यांना सगळे आबासाहेब म्हणतात. मूळचे पारनेरकडचे, शब्दाला पक्के म्हणून नावाजलेले.

"भाऊ म्हनवून घेतो, तर जामीन बी मीच," ते म्हणाले.

मला त्या दिवशी त्यांचा इतका अभिमान वाटला की घरी येऊन मी पुरण घातलं. स्टॅम्पपेपर मीच आणला, मजकूर मीच तपासला, सही तेवढी कचेरीत करायची राहिली. मंगळवारी ते फाईल घेऊन पोलिसांच्या कचेरीत गेले, दुपारी जेवायला परत आले आणि म्हणाले, "दिली." मी पोळी वाढली. स्वतःच्या नवऱ्याकडे पोच कोण मागतं?

पुढच्या उन्हाळ्यात सीमेवरचं वातावरण बिघडलं आणि पाकिस्तानातून आलेल्यांसाठी आदेश निघाला. ज्यांचे अर्ज झालेत त्यांनी थांबावं, बाकीच्यांनी ठरल्या दिवसापर्यंत देश सोडावा. जमना धावत आली. मी चक्क हसले. तुझा अर्ज सहा महिन्यांपूर्वीच गेलाय, घाबरतेस काय, असं म्हणून तिला सरबत पाजलं आणि दुसऱ्या दिवशी एकटीच कचेरीत गेले.

तिथल्या कारकुनाने दोनदा नाव शोधलं. अर्ज नव्हता. मी आवाज चढवला, माझी नोकरी काढली, आवक रजिस्टर मागवलं. बिचाऱ्याने तेही समोर ठेवलं. त्या मंगळवारच्या पानावर मी बोट फिरवत गेले, एकदा वरून खाली, एकदा खालून वर. मग मी रजिस्टर मिटून त्याच्याकडे सरकवलं. आता नवा अर्ज घेता येणार नाही, एवढं त्याने हळू आवाजात सांगितलं.

घरी हे पेपर वाचत होते. मी विचारलं, तेव्हा त्यांनी कांगावा केला नाही. कपाट उघडलं आणि आमच्या मुलाच्या, समर्थच्या, मार्कशीटच्या खालून फाईल काढून दिली. स्टॅम्पपेपर जसाच्या तसा, मजकुराखाली सहीची जागा मोकळी.

"समर्थच्या पासपोर्टची चौकशी चालू हुती," ते म्हणाले. "पाकिस्तानच्या मान्साला बाप जामीन हाय, असं कुनी लिहिलं असतं, तर पोराचं जर्मनीला जानं न्हाई झालं असतं. मी बाप हाय, रोहिणी."

"मग तेव्हाच नाही म्हणायचं होतं. मी केली असती सही."

"म्हनूनच न्हाई बोललो."

त्यांनी फक्त जमनाला फसवलं नव्हतं. मी सही करीन हे ओळखून त्यांनी मला फसवलं होतं. तीन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. जमनाला सगळं खरं सांगायचं, ह्यांच्यासमोरच सांगायचं, असं मी मनाशी पक्कं केलं.

निघायच्या दिवशी टेम्पो ह्यांनीच ठरवला होता. हेमराज गाठोडी चढवत होता, भूरी दप्तर सोडायला तयार नव्हती. मंडळातले सगळे फुटपाथवर उभे होते, ह्यांच्याकडे आदराने बघत. जमना ह्यांच्या पाया पडली. मी तोंड उघडलं. गर्दीत समर्थही होता, आईने बाबांशी अबोला का धरलाय हे न कळून माझ्याकडे बघणारा.

जमनाने विचारलं, "ताई, कागद अडला कुठे?"

"कचेरीत गहाळ झाला," मी म्हणाले. ज्या कारकुनाने मला रजिस्टर दाखवलं, त्याच्या माथी मी ते मारलं.

तिने उलट माझीच समजूत घातली. नशीब आमचं, तुम्ही रडू नका म्हणाली. मग टेम्पोत चढता चढता थांबली.

"तिकडून परत अर्ज पाठवू. दादा पुन्हा सही करतील ना?"

हे म्हणाले, "व्हय, करतो की."

तिचं समाधान झालं नाही. माहेर मी म्हटलं होतं, शब्द तिला माझ्याकडून हवा होता. तिने माझा हात धरला. "ताई, तुम्ही सांगा. करतील ना?"

"करतील," मी म्हणाले.

ती हसली आणि टेम्पोत बसली.