फोनच्या पोटातली अंडी

माझ्या मेहुण्याचा अंडी उबवण्याचा धंदा. तळमजल्यावर यंत्र, वर राहतं घर, मधे जिना. बायकोच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि त्या जिन्याने त्याच्यावर सूड उगवला. खाली ऊब जरा चढली की अंडी गेली. वर बायको एकटी उठली की टाके गेले. मेहुणा आपला वर-खाली, वर-खाली. इतक्या खेपा झाल्या की पायऱ्या झिजून त्यांची घसरगुंडी झाली. खाली यायची सोय झाली, वर जायची पंचाईत. खोटं वाटत असेल तर जिना बघून या.

मी म्हटलं, "यंत्रापाशी मी बसतो."

"नको दाजी. तुम्ही गोष्टी सांगत बसाल, अंडी ऐकत बसतील. मग उबायचं कोणी?"

यंत्राची ऊब खालच्या कॉम्प्युटरवर दिसायची, तिथूनच कमी-जास्तही करता यायची. तो प्रोग्राम माझ्या मुलीच्या कंपनीचा, तिच्याच भरवशावर घेतलेला, आणि त्याची माहितीपुस्तिकाही तिनेच लिहिलेली. ऊब फोनवरही बघता येते, असं तीत छापलं होतं. तेवढं जमलं असतं तर मेहुणा बायकोच्या उशाशी बसून अंडी राखू शकला असता. पत्ता दिला होता १२७.०.०.१. त्याने तो फोनवर लिहिला. फोन म्हणे, इथे काहीच नाही.

"पत्ता बरोबर आहे मामा," मुलीने फोनवरून ठणकावलं. "मी स्वतः तपासलाय."

"मग माझाच फोन खुळा म्हण."

"आकडे नीट टाकलेस ना?"

"मी टाकले, तुझ्या मामीने टाकले, तुझ्या बाबांनी तर शेवटी चष्मा लावून टाकले!"

तणतणत ती स्वतःच आली. खालच्या कॉम्प्युटरसमोर बसली, पत्ता लिहिला, आणि ऊब टचकन समोर. "बघ!" म्हणून तिने मामाचा फोन घेतला, तोच पत्ता लिहिला. काही नाही. एकदा फोनकडे, एकदा कॉम्प्युटरकडे पाहून तिने कपाळावर हात मारला.

"अरे देवा! पुस्तिका लिहिताना मी प्रोग्राम ज्या कॉम्प्युटरवर, त्याच्यावरच बसून बघत होते. मला दिसणारच की!"

"म्हणजे?" मी विचारलं.

"बाबा, या पत्त्याचा अर्थ 'मी स्वतः'. ज्याच्यावर लिहाल, तो स्वतःतच शोधतो. मामाचा फोन आपल्याच पोटात अंडी शोधत होता."

काखेत कळसा नि गावाला वळसा आपण ऐकलेलं. इथे कळसा तळमजल्यावर आणि हा फोन आपली काख चाचपतोय!

"मग असला आतल्या गाठीचा पत्ता दिलाच कशाला?" मेहुणा चिडला.

"कुणी परका आत शिरू नये म्हणून. घेतल्याबरोबर प्रोग्राम आतून कडी लावून बसतो. ती आपण काढायची, हे मी लिहिलंच नाही."

"पुस्तिकेच्या शेवटी ते ०.०.०.० पण दिलंयस. ते टाकू? शून्य म्हणजे कुणीच नको, झकास बंदोबस्त."

"हात लावू नकोस! त्याचा अर्थ उलटा. ज्या ज्या बाजूने हा कॉम्प्युटर जोडलाय, त्या सगळ्या बाजूंनी दार उघडं. घरच्या वायफायने आणि या वायरीनेही. ही वायर जाते कुठे?"

"शेजारच्या दुकानात."

"मग तिथलं गिऱ्हाईकसुद्धा बसल्या जागी तुझी अंडी उकडून जाईल."

एवढ्यात वरून हाक आली, "अहो, उठू का मी?"

"उठू नकोस!" आम्ही तिघं एका सुरात ओरडलो.

मुलीने घाईने घरच्या वायफायवरचा त्या कॉम्प्युटरचा पत्ता शोधला, प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये घातला, प्रोग्राम बंद करून पुन्हा चालू केला. मग तोच पत्ता मामाच्या फोनवर. क्षणभर कुणी श्वास घेतला नाही. मला तर वाटतं, अंड्यांनीही नाही. आणि फोनवर ऊब उमटली. जशी खाली, तशीच हातात.

मेहुणा ती घसरगुंडी कशी चढला देव जाणे. आम्ही पोहोचेपर्यंत तो बायकोच्या उशाशी बसला होता.

"टेकलं एकदाचं बूड!" ती म्हणाली आणि त्याच्या हातातून फोन काढून घेतला. "द्या इकडे, मी बघते. मला तरी दुसरं काय काम आहे?"

तो बसल्या बसल्याच झोपला. असा घोरला की खाली पिल्लांनी घाबरून कवचं फोडली. मुलगी म्हणते, हे खोटं. ती तिथेच खिडकीशी बसून पुस्तिका दुरुस्त करत होती. पहिलीच ओळ तिने मला वाचून दाखवली: 'हा मूळ पत्ता फक्त याच कॉम्प्युटरवर चालतो. फोनवर बघायचं असेल तर आधी पुढचं वाचा.'

"कळतंय का हो बाबा?"

"मला कळलं," मामी फोनवरची नजर न काढता म्हणाली. "हळू बोला, ते झोपलेत."