हिरव्या ताटाचा निवाडा

जळगावात मी सांभाळतो त्या प्रकाशचंद शेठजींच्या खासगी संग्रहालयात त्या दिवशी चप्पल ठेवायलाही जागा नव्हती. एरवी चिनी मातीची भांडी बघायला कुणी फिरकत नाही. पण आज एक महाराज आमच्या चारशे वर्षं जुन्या हिरव्या ताटावरून विष ओळखणार होते!

शेठजींच्या पत्नी राजकुंवर महिनाभर पोटदुखीने अंथरुणाला खिळल्या होत्या.

"घासागणिक जहर जातंय," महाराज गरजले. "कोण घालतंय ते ताट सांगेल. वस्तू खोटं बोलत नाही, माणूस बोलतो!"

स्वतःबद्दल इतकं खरं सांगणारा भोंदू मी दुसरा पाहिला नाही.

त्यांनी ताट 'तीर्थाने' धुतलं, पंख्याखाली सुकवलं. सून प्रियलने केलेला दूधभात वाढला, काही झालं नाही. शेजारणीची खीर, काही नाही. मग स्वयंपाकीण बेबाबाईंचं वरण. झिलईतल्या केसाएवढ्या भेगा बघता बघता लाल झाल्या.

एकच गलका उठला. बेबाबाई दारात थिजल्या.

"शेठ, तीस वरीस मना हातनं खादं तुम्ही. आते त्यामा जहर शे?"

शेठजींनी पाठ फिरवली. बाई काम सोडून निघून गेल्या.

ताट साफ करणं माझं काम. डाग निघेना म्हणून लिंबू चोळलं, तर रेघा पिवळ्या झाल्या. हळद! म्हणजे महाराजांच्या तीर्थात खार होता.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर मी ताट पापडखाराच्या पाण्याने धुतलं, सुकवलं आणि त्याच शेजारणीच्या घरचं वरण ओतलं. पुन्हा लाल!

"खारात हळद लाल होते. दूधभातात, खिरीत हळदच नव्हती. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, हे इथे कुणाला माहीत नाही?"

सगळ्यांना माहीत होतं. महाराज तोवर पसार झाले होते, आणि डॉक्टरांना राजकुंवरबाईंच्या पित्ताशयात खडे सापडले.

'अशी ताटं विष ओळखतात' ही ताटाखालची पाटी माझ्या हातची. 'अशी समजूत होती' हे शब्द जागा पुरेना म्हणून मीच गाळले होते. त्याची मला अजून लाज वाटते.

शेठजी माफी मागायला गेले, मीही गेलो.

"ताट मातीनं शे, शेठ. त्याले काय समजस?" बेबाबाई म्हणाल्या. "पण तुम्ही तर माले वळखतस ना?"

त्यांनी दार लावून घेतलं. त्यानंतर त्या कुणाकडेच स्वयंपाकाला गेल्या नाहीत.

वाचकहो, चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी एवढंच विचारा: ताट कशाने धुतलं? त्या गर्दीत हे कुणीच विचारलं नाही. मीही नाही, आणि मी रोज दुपारी बेबाबाईंच्याच हातचं जेवत होतो.