चार हजार ओळींवर माझं नाव

फायलींची घरं बदलायची हौस माझीच. सलाईनच्या पंपाचा प्रोग्राम भलत्याच फोल्डरांत पसरलेला, आणि तो पसारा रोज माझ्या डोळ्यांत खुपायचा. फायली इतिहासासकट हलवायची रीत असते, पण तिला दोन दिवस लागले असते. मी दीडशहाण्याने नवी रिपॉझिटरी, म्हणजे प्रोग्राम आणि त्याच्या बदलांच्या नोंदी ठेवायचं कोठार, उघडली, फायली तिच्यात कॉपी केल्या आणि जुनी सर्व्हरवरून उडवली. कोणती ओळ कोणी, कधी, का लिहिली याच्या सगळ्या नोंदी तिच्याबरोबर गेल्या. चार हजार ओळींवर एकच तारीख उरली आणि एकच नाव, माझं.

सहा महिन्यांनी एका हॉस्पिटलात पंपाचा अलार्म उशिरा वाजला. पेशंट थोडक्यात वाचला आणि आमच्याकडे चौकशी बसली. अलार्म वाजण्याआधीची पाच सेकंदांची मुदत वीस कोणी केली?

साहेबांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. "इथे तुझं नाव आहे."

"सगळ्याच ओळींवर आहे, साहेब. मी फक्त फायली हलवल्या."

त्यांना पटलं. पंपाचं काम मूळचं ताईंचं, म्हणून मग त्यांना बोलावलं. ऑफिसात सगळ्यांत जुन्या, म्हणून सगळ्यांच्याच ताई.

"मी पाचच ठेवले होते," ताई म्हणाल्या. "वीसला माझा विरोध होता. जुन्या नोंदीत होतं तसं."

"मग वीस केले कोणी?"

ताईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. "नोंद नसताना मी कोणाचं नाव घेणार नाही."

सोमवारपर्यंत राजीनामा द्या, नाहीतर काढून टाकू, असं त्यांना सांगण्यात आलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रविवारी सकाळी आठवलं, माळ्यावरच्या जुन्या लॅपटॉपमध्ये जुन्या रिपॉझिटरीची अख्खी प्रत असणार. बायकोने स्टूल धरलं. "त्यांची नोकरी वाचू दे बाबा एकदाची," ती म्हणाली.

लॅपटॉप रडतखडत सुरू झाला. तीन वर्षांपूर्वीची नोंद सापडली: 'अलार्म उगाच वाजतो अशी नर्सची तक्रार. ताईंचा विरोध आहे, तरी तूर्त वीस करतोय.'

खाली माझं नाव.

शपथेवर सांगतो, मी साफ विसरलो होतो. तसाच ताईंना फोन लावला.

"नोंद सापडली, ताई. तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मग बोलला का नाहीत?"

"पुरावा कुठे होता? मला वाटलं, तू मुद्दामच पुसलास."

चार हजार ओळींपैकी खरोखर माझी अशी ती एकच ओळ होती. स्क्रीन खरं सांगत होती, आणि ते खोटं आहे असं मीच साहेबांना पटवलं होतं.

फोन ठेवला तेव्हा बायको अजून स्टूलजवळच उभी होती. "वाचेल ना रे नोकरी?"

"त्यांची वाचेल," मी म्हणालो.