दोरी मोकळी नाही

आयुष्यभर लोकांच्या जबड्यांवर वाकून वाकून दंतवैद्यांच्या पाठीने अखेर संप पुकारला. जड काही उचलायचे नाही, अशी त्यांना ताकीद मिळाली. मागच्या अंगणात त्यांची जोडहोडी होती: शेजारी शेजारी दोन सडपातळ होड्या, त्यांना जोडणारे आडवे दांडे आणि मध्ये ताणून बसवलेले जाड कापड. गल्लीच्या टोकाला तलाव होता. पण डोलकाठी उभी केल्याखेरीज ही होडी म्हणजे नुसती बसायची बाज.

त्यांच्या पत्नीचे धुलाईचे दुकान होते आणि बोलणेही कडक इस्त्रीचे होते. त्यांनी अट घातली. "तुमचा हात न लागता काठी उभी राहिली, तर होडी ठेवू. एक बोट जरी लागलं, तर संध्याकाळी बेकरीवाले होडी बघायला येताहेत, त्यांना देऊन टाकायची. पाठ शेकत बसायची मला हौस नाही."

म्हणून दंतवैद्यांनी थोरल्या बहिणीला बोलावले. ताई शहर बस चालवत, आणि पिकल्या केसांच्या भावाला अजून 'सोन्या' म्हणत. आणखी एक माणूस हवा होता, तो काही मिळेना. शेवटी अट घालणाऱ्या वहिनीच पदर खोचून कापडावर चढल्या.

"पंच मीच आणि खेळाडूही मीच," त्या पुटपुटल्या.

"मग निकाल कळलाच, वहिनी," ताई म्हणाल्या.

वाळत घातलेल्या चादरी दोरीवर एका बाजूला सारून जागा केली गेली. काठीचे बूड पुढच्या दांड्यावर खिळीने अडकवले होते. शेंडा मागे, होडीच्या शेपटाबाहेर डोकावत होता. दोन्ही बाजूंच्या तारा बांधून झाल्या होत्या. वहिनींनी काठी खांद्याने उचलत पुढे यायचे, ताईंनी समोरून तिसरी तार ओढायची आणि काठी उभी राहताच त्या तारेचे टोक कडीत घालून खिळी बसवायची. खिळी बसेपर्यंत वहिनींनी काठी सोडायची नाही. दंतवैद्यांनी खिळ्या दवाखान्यातल्या स्टीलच्या ट्रेमध्ये ओळीने मांडल्या होत्या.

"घाबरायचं काही नाही," ते सवयीने म्हणाले. "थोडा दाब जाणवेल."

"मला की काठीला?"

"येऊ द्या," ताईंनी समोरून हाक दिली. "येऊ द्या, अजून येऊ द्या, डावीकडे सांभाळा."

"वन्सं, मी बस नाही."

"बस असती तर एव्हाना स्टॉपला लागली असती."

काठी वर आली. ती जवळजवळ सरळ झाली तेवढ्यात ताईंच्या बोटांतून खिळी निसटून गवतात पडली. तार सैल झाली आणि काठी मागे कलली. दंतवैद्य झेपावले, पण एकच पाऊल. मग त्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेले आणि, नाठाळ रोग्याचा हात आवरावा तसे, एका हाताने दुसऱ्याचे मनगट घट्ट धरले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. वहिनी पाय रोवून काठी पेलत होत्या, पण त्यांची नजर त्या मागे बांधलेल्या हातांवर होती.

"ट्रेमध्ये दुसरी आहे, ताई," दंतवैद्य सावकाश म्हणाले. "कडेची घे."

ताईंनी तार पुन्हा ताणली आणि खिळी बसवली. काठी उभी राहिली. वाऱ्याने तारा बारीक गुणगुणू लागल्या. धरून ठेवायची गरज संपली तरी वहिनींचा तळवा काही वेळ काठीवरच होता.

"चल सोन्या, आता शीड चढवून दाखव."

दंतवैद्यांनी वर पाहिले. शेंड्यावरची कप्पी रिकामी होती. शीड वर ओढायची दोरी काठी आडवी असतानाच त्या कप्पीतून ओवायची असते. त्यांनी प्रत्येक तार, प्रत्येक खिळी तपासली होती, आणि दोरीच विसरले होते.

"बुरशी आली म्हणून ती तुला धुवायला दिली होती," ते पत्नीला म्हणाले.

"धुतली की. उकळून काढली. तुम्ही परत मागितलीच नाहीत, मी म्हटलं आता नको असेल. एवढी मऊ, पांढरी दोरी, वाया कशाला घालवायची?"

तिघांचीही मान हळूहळू चादरींकडे वळली. सबंध उन्हाळा दंतवैद्य त्या दोरीखालून डोके वाकवून ये-जा करत होते.

"काखेत कळसा नि गावाला वळसा," ताई म्हणाल्या आणि हसत गवतात बसल्या.

नेमके तेव्हाच बेकरीवाले आले. त्यांच्या भुवयांवर पीठ होते आणि त्यांची नजर तयार होती. "काठी छान उभी केलीत," ते म्हणाले, "पण दोरी ओवायची राहिली की."

दंतवैद्यांनी बहिणीच्या घामेजलेल्या कपाळाकडे पाहिले, पत्नीच्या लाल झालेल्या खांद्याकडे पाहिले. अट त्यांनी पाळली होती, पण त्यांनी तो विषय काढला नाही. "आता पुन्हा उतरवायची, पुन्हा चढवायची. तुम्ही दोघी दमलात," ते म्हणाले. "देऊन टाकू."

"चालेल," बेकरीवाले म्हणाले. "दोरी तेवढी काढून द्या, मी घरी ओवीन."

वहिनी कापडावरून उतरल्या, दोरीपाशी गेल्या आणि एका चादरीचे टोक त्यांनी गिऱ्हाइकासमोर चाचपावे तसे चाचपले.

"दोरी मोकळी नाही."

"म्हणजे?"

"चादरी ओल्या आहेत."

"मग थोडा थांबतो."

"या वाळल्या की दुसऱ्या घालायच्यात. धुलाईचं दुकान आहे आमचं."

"उद्या येऊ?"

"उद्या पडदे आहेत."

बेकरीवाल्यांनी काठीकडे पाहिले, चादरींकडे पाहिले, मग दंतवैद्यांकडे. त्यांचे हात अजून पाठीमागेच होते. "बरं," ते म्हणाले, "माझीही भट्टी तापलीय." आणि ते निघून गेले.

ताईंनी उठून चादरीवरून हात फिरवला. ती दुपारपासून खडखडीत वाळलेली होती.

"वन्सं, हसून झालं असेल तर चादरीची टोकं धरा," वहिनी म्हणाल्या. "उजेड आहे तोवर काठी उतरवू, दोरी ओवू आणि पुन्हा उभी करू." त्या चिमटे काढू लागल्या. मूठभर झाले तेव्हा त्यांनी मागे वळून पाहिले. "अहो, हात सोडा आता. हे चिमटे धरा. एवढं वजन चालेल तुम्हाला."